आजोबा, नातू आणि दोन उजेड

गुलामांच्या पोटी जन्मलेल्या आईच्या चित्रकार मुलाने काढलेले एक घरगुती चित्र, आणि ते आपल्याला काय सांगते

एक साधी खोली आहे. खाली लाकडी फळ्यांची जमीन. मागे एक टेबल, त्यावर पांढरे कापड आणि जेवणाची थोडी भांडी. पुढे जमिनीवर स्वयंपाकाची भांडी तशीच पडलेली. भिंतीवर दोन-तीन लहान चित्रे. श्रीमंतीची एकही खूण नाही, पण घाणेरडेपणाही नाही. कष्टाने चालणाऱ्या कोणत्याही घरात जेवढे असते तेवढेच.

खोलीच्या मधोमध खुर्चीवर एक म्हातारा बसला आहे. केस पांढरे झालेले. त्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये एक लहान पोर उभे आहे. पोराच्या हातात बॅन्जो आहे. आपल्याकडे चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत जो बँजो वाजतो तो बटणांचा. हा तसा नाही. गोल, चामडे ताणलेले तोंड आणि लांब दांडी असलेले हे तंतुवाद्य आहे. ते पोराच्या मानाने फार मोठे आहे. एकट्याने पेलवणार नाही. म्हणून म्हाताऱ्याने दांडीला खालून आपल्या हाताचा आधार दिला आहे. वाजवतो आहे तो नातूच, आजोबा फक्त तोलून धरतो आहे. दोघांच्याही नजरा खाली, पोराच्या बोटांवर. बाहेरच्या जगाकडे दोघांचेही लक्ष नाही.

एवढेच चित्र. त्यात भांडण नाही, रडारड नाही, मोर्चा नाही, घोषणा नाही. तरीही सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोक ते पाहत आले आहेत. चित्राचे नाव ‘द बॅन्जो लेसन’, म्हणजे बॅन्जोचा धडा. साल 1893. चित्रकार हेन्री ओसावा टॅनर. तो अमेरिकेतला कृष्णवर्णीय, आणि त्याची आई गुलामगिरीत जन्मलेली.

वाचक बंधू-भगिनींनो, कुटुंबाच्या या पानावर सातासमुद्रापलीकडचे एक चित्र कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर लेखाच्या शेवटी आपोआप मिळेल. अगोदर हा माणूस कोण ते पाहू.

नावातच लढा

टॅनरचा जन्म 21 जून 1859 रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरात झाला. अमेरिकेत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. वडील बेंजामिन टकर टॅनर हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे धर्मोपदेशक. पुढे ते त्या चर्चचे बिशप झाले. गोऱ्यांच्या चर्चमध्ये अपमान होतो म्हणून कृष्णवर्णीयांनी स्वतःचे उभे केलेले हे चर्च. आई सारा हिचा जन्म व्हर्जिनियात गुलामगिरीतला. दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना चोरून उत्तरेकडे पोचवणारी माणसे आणि घरे यांची एक साखळी होती. त्या साखळीच्या मदतीने ती लहानपणीच मुक्त प्रांतात आली, असे तिच्या घरात सांगत.

मुलाचे मधले नाव ‘ओसावा’ ठेवले ते कॅन्सस प्रांतातील ओसावाटोमी या गावावरून. तिथे 1856 मध्ये जॉन ब्राउन या गोऱ्या माणसाने गुलामगिरीच्या समर्थकांशी हत्यारबंद झुंज दिली होती. मुलगा जन्मला त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉन ब्राउनला फाशी झाली. आपल्या घरांत मुलाचे नाव भीमराव, राहुल, सिद्धार्थ ठेवतात, मुलीचे रमा, यशोधरा ठेवतात. नावातून मुलाच्या हाती काही तरी द्यायचे असते. टॅनरच्या आईबापांनी तेच केले होते.

घर फिलाडेल्फियाला हलले. हेन्री तेरा वर्षांचा असेल. वडिलांबरोबर बागेत फिरताना त्याने एका चित्रकाराला झाडाचे चित्र काढताना पाहिले आणि ठरवले, आपण हेच करायचे. वडिलांना ते पटले नाही. पोटाला काय घालणार, हा प्रश्न तेव्हाही होताच. त्यांनी त्याला पिठाच्या व्यवसायात एका परिचिताकडे लावून दिले. तिथल्या कामाने तो इतका आजारी पडला की आईबापांनी हट्ट सोडला. मग त्याने पेनसिल्व्हेनियाच्या नामांकित कला अकादमीत प्रवेश घेतला आणि थॉमस ईकिन्स या थोर चित्रकाराच्या हाताखाली तो शिकला.

शिक्षण चांगले मिळाले, पण वर्गात जागा सहज मिळाली नाही. त्याच संस्थेतील एका गोऱ्या विद्यार्थ्याने पुढे म्हातारपणी आपल्या आठवणी लिहिल्या. त्यात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याची हकिगत आहे. नाव घेतलेले नाही, पण अभ्यासक ते टॅनरचेच वर्णन मानतात. एका रात्री इतर विद्यार्थ्यांनी त्याला आणि त्याच्या चित्रफलकाच्या घोडीला रस्त्यावर नेले, हात ताणून त्याला त्या घोडीला बांधले आणि भर रस्त्यात सोडून दिले. लिहिणाऱ्याला त्याची लाज वाटलेली नाही. गंमत म्हणून त्याने ती गोष्ट सांगितली आहे. वर्गाबाहेर बसवलेल्या, पाण्याच्या माठापासून दूर ठेवलेल्या मुलांच्या गोष्टी ज्यांनी घरी ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

1889 मध्ये टॅनर दक्षिणेत अटलांटाला गेला. तिथे त्याने फोटोचे दुकान काढले. ते बुडाले. एका कॉलेजात चित्रकला शिकवून त्याने दिवस काढले. हार्टझेल नावाच्या एका बिशपने आणि त्याच्या पत्नीने त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. एकही चित्र विकले गेले नाही, तेव्हा त्या दोघांनीच सगळी चित्रे विकत घेतली. त्या पैशावर जानेवारी 1891 मध्ये टॅनर बोटीत बसला. जायचे होते रोमला, पण वाटेत पॅरिस लागले आणि तो तिथेच राहिला. तिथल्या वर्गात त्याच्या कातडीचा रंग कोणी आड आणला नाही.

पुढे विषमज्वराने तो खंगला आणि बरा होण्यासाठी फिलाडेल्फियाला परत आला. त्या मुक्कामात, 1893 मध्ये, त्याने बॅन्जोचे हे चित्र काढले.

ते वाद्य हसण्यावारी नेले होते

आता या वाद्याविषयी. बॅन्जो मूळचा आफ्रिकेचा. जहाजात कोंबून अमेरिकेत आणलेल्या गुलामांजवळ सामान काहीच नव्हते, पण वाद्य कसे बनवायचे ते डोक्यात होते. भोपळा कापायचा, त्यावर चामडे ताणायचे, दांडी जोडायची, तारा लावायच्या. आपली एकतारी अशीच तर भोपळ्याची असते.

पण 1830 नंतर अमेरिकेत एक तमाशा सुरू झाला. गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासायचे, ओठ मोठे रंगवायचे, हातात बॅन्जो घ्यायचे आणि कृष्णवर्णीय माणसाची नक्कल करून लोकांना हसवायचे. आळशी, बावळट, दात काढणारा, सदा नाचणारा काळा माणूस अशी ती नक्कल. हे खेळ अनेक दशके तुफान चालले. पोस्टरांवर, गाण्यांच्या पुस्तकांवर, जाहिरातींत तेच चित्र. ज्याचे वाद्य, त्यालाच त्या वाद्याने हिणवले. सामान्य गोऱ्या माणसाच्या मनात काळा माणूस आणि बॅन्जो म्हटले की हसू, हे समीकरण पक्के झाले.

टॅनरला हे टोचत होते. आपल्या लोकांचे जीवन रंगवणाऱ्या बऱ्याच चित्रकारांना त्यातली फक्त हसण्याजोगी बाजू दिसते, खडबडीत अंगाच्या आत असलेले ऊबदार, मोठे मन दिसत नाही, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून त्याने तोच काळा माणूस घेतला आणि तेच वाद्य घेतले. मात्र प्रेक्षक काढून टाकले. रंगमंच काढून टाकला. दात काढणे गेले, नाचणे गेले. उरला एक आजोबा, एक नातू आणि एक धडा.

उत्तर देण्याची ही एक रीत आहे. शिवीला शिवी दिली नाही, भाषण केले नाही. आम्ही आमच्या घरात कसे असतो ते बघा, एवढेच त्याने दाखवले.

दोन उजेड आणि मधल्या छटा

या चित्राची खरी करामत उजेडात आहे. डावीकडून खिडकीतला दिवसाचा उजेड येतो. तो थंड, निळसर आहे. उजवीकडून चुलीच्या जाळाचा उजेड येतो. तो पिवळा, ऊबदार आहे. चूल आपल्याला दिसत नाही, तिचा उजेड तेवढा दिसतो. दोन्ही उजेड येऊन मिळतात ते आजोबा आणि नातवावर. मोठ्या वस्तूंची गर्दी न करता नजर बरोबर त्या दोघांवर आणली आहे.

त्या काळात, साधारण 1880 ते 1915 पर्यंत, अमेरिकेत चित्रकारांची एक पद्धत जोरात होती. तिला टोनॅलिझम म्हणतात. टोन म्हणजे छटा. या चित्रकारांना भडक रंग आणि कडक रेघा नको असत. एकच रंग धरायचा, करडा म्हणा, तपकिरी म्हणा, निळा म्हणा, आणि त्याच्याच फिक्या-गडद छटांत सगळे चित्र बांधायचे. पहाट, संध्याकाळ, धुके, चांदणे, कंदिलाच्या उजेडातली खोली हे त्यांचे आवडते विषय. जॉर्ज इनेस हा त्यांतला मोठा निसर्गचित्रकार. जेम्स व्हिसलर याचेही नाव या पद्धतीशी जोडतात; त्याने 1871 मध्ये काळ्या-करड्या छटांत काढलेले स्वतःच्या आईचे चित्र जगप्रसिद्ध आहे. टॅनरही छटांचा चित्रकार. त्याच्या उतारवयातील कितीतरी चित्रे निळ्या-हिरव्या रात्रीत बुडालेली आहेत.

हा छटांचा खेळ सर्वांत स्वच्छ समजतो तो काळ्या शाईत. तिथे रंग मदतीला येत नाही. कागद पांढरा, शाई काळी, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या पाण्याने करायच्या. डिसेंबर 1893 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मुलांच्या नियतकालिकात टॅनरचे याच विषयाचे चित्र काळ्या-पांढऱ्या छपाईत आले. सोबत एका गोऱ्या लेखिकेची गोष्ट होती. गोष्ट अशी : गरीब आजोबा आणि नातू यांच्याकडे मोलाची वस्तू एकच, बॅन्जो. नाताळला नातवाला काय द्यावे या विचारात आजोबा आहे. शेवटी तो बॅन्जोच नातवाचा करतो. गोष्टीत त्या लोकांची बोली वाकडीतिकडी करून, थोडी गमतीची म्हणून लिहिलेली आहे. चित्रात मात्र गंमत नाही. टॅनरने गोष्ट त्यांची घेतली, माणसे आपली ठेवली.

तैलचित्र 1894 मध्ये पॅरिसच्या सरकारमान्य मोठ्या प्रदर्शनात स्वीकारले गेले. त्याच वर्षी रॉबर्ट ऑग्डेन या गृहस्थाने ते व्हर्जिनियातील हॅम्प्टनच्या संस्थेला दिले. ही संस्था 1868 मध्ये मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी निघाली. बुकर टी. वॉशिंग्टन तिथेच शिकले. त्या आवारात एक जुने ओकचे झाड आहे. 1861 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, मेरी पीक या कृष्णवर्णीय शिक्षिकेने त्या झाडाखाली पळून आलेल्या गुलामांना अक्षरे शिकवायला सुरुवात केली. त्याआधी त्याच व्हर्जिनियात गुलामांना लिहा-वाचायला शिकवण्यावर कायद्याने बंदी होती. जिथे शिकवणे गुन्हा होता, तिथे शिकवण्याचे चित्र भिंतीवर लागले. आज ते हॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

आईचे चित्र

टॅनरने घरातली आणखी चित्रे काढली. 1894 चे ‘द थँकफुल पूअर’ घ्या. साधे टेबल, थोडे अन्न, म्हातारा आणि मुलगा जेवणापूर्वी मान खाली घालून बसलेले. पुढे कित्येक वर्षे ते फिलाडेल्फियातील मूकबधिरांच्या एका शाळेत अडगळीत पडून होते.

1897 मध्ये त्याने आपल्या आईचे चित्र काढले. ती खुर्चीत एका बाजूला वळून बसली आहे, एक हात गालाशी, दुसऱ्या हातात पंखा. मागचा भाग अंधारात, चेहऱ्यावर मऊ उजेड. एके काळी जिच्यासारख्या बाईला बाजारात किंमत लावून विकत, ती बाई इथे राणीसारखी बसली आहे. अंगावर दागिना नाही. मुलाने दिला तो मान, तेवढाच दागिना.

या बाईच्या संसारातून काय उभे राहिले ते पाहण्यासारखे आहे. एक मुलगा जगप्रसिद्ध चित्रकार. एक मुलगी हॅली डॉक्टर झाली आणि 1891 मध्ये अलाबामा राज्यात वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री ठरली. एक नात, सॅडी टॅनर मॉसेल, हिने 1921 मध्ये अर्थशास्त्रात पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत अर्थशास्त्राची ही पदवी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. त्याच 1921 साली लंडनमध्ये आपले बाबासाहेब अर्थशास्त्राची एम.एस्सी. पदवी घेत होते. गुलाम आईची नात आणि रामजी सुभेदारांचा भिवा, दोघे दोन खंडांत एकाच विषयाची पुस्तके पालथी घालत होते.

एक प्रश्न, जो आपलाही आहे

यानंतरची गोष्ट थोडी अवघड आहे, पण ती टाळणे बरे नव्हे. 1894 नंतर टॅनर पॅरिसला परतला आणि बहुतेक आयुष्य फ्रान्समध्येच राहिला. कृष्णवर्णीयांच्या घरांची चित्रे त्याने जवळजवळ थांबवली. तो बायबलमधील प्रसंग रंगवू लागला. नाव झाले. 1897 मध्ये फ्रेंच सरकारने त्याचे चित्र विकत घेतले. 1923 मध्ये फ्रान्सचा ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान मिळाला. 25 मे 1937 रोजी पॅरिसमध्ये तो वारला.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंतांना त्याचा अभिमान होता आणि खंतही होती. अलेन लॉक यांच्यासारख्यांना वाटे, आपल्या सर्वांत मोठ्या चित्रकाराने आपल्या लोकांना का सोडले? दुसऱ्या बाजूने, हेल वुड्रफ यांच्यासारखे तरुण कृष्णवर्णीय चित्रकार त्याला भेटायला फ्रान्सला जात आणि धीर घेऊन परतत. तो स्वतः म्हणे की पूर्वग्रहांशी सतत झगडत बसलो तर चित्र केव्हा काढणार?

आपल्यातही हा वाद जुना आहे. शिकून मोठा झालेला माणूस वस्ती सोडतो, मग समाजाचे देणे विसरला म्हणून आपण त्याच्यावर रागावतो. तो राग पुष्कळदा खरा असतो. पण टॅनरचे उदाहरण पाहताना दुसरीही बाजू दिसते. घोडीला बांधून रस्त्यावर सोडलेल्या मुलाने श्वास घ्यायला जागा शोधली, तर त्याला पळपुटा म्हणायचे काय? शिवाय त्याची बायबलची चित्रे नीट पाहिली तर त्यातही घरच आहे. 1898 च्या ‘अनन्सिएशन’ या चित्रातली मेरी दैवी राणी नाही. चुरगळलेल्या अंथरुणाच्या कडेला बसलेली एक गरीब मुलगी आहे आणि देवदूत म्हणजे नुसता उजेडाचा खांब. आणखी एका चित्रात लहान येशू आईजवळ उभा राहून ग्रंथाची गुंडाळी वाचतो आहे. त्या चित्रासाठी टॅनरची पत्नी आणि मुलगा समोर बसले होते. आई, मूल आणि वाचन. बॅन्जोचा धडा संपला नव्हता, जागा बदलली होती.

तरीही एक गोष्ट खरी राहते. आजोबा-नातवाची ती चित्रे दोन-तीनच निघाली, आणि आज शंभर वर्षांनंतर लोक सर्वांत जास्त पाहतात ती तीच.

परळची खोली

जात आणि गुलामगिरी एकच नव्हेत. बाबासाहेबांनी स्वतः या दोहोंची तुलना करून लिहिले आहे. पण दोन्हींखाली भरडलेल्या माणसांनी एकमेकांना ओळखले आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. कृष्णवर्णीयांची हार्लेम ही वस्ती तिथून अगदी जवळ. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. दुबॉईस यांना पत्र लिहिले आणि दुबॉईस यांनी आपुलकीने उत्तर दिले. 1972 मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी संघटना काढली, तिचे नाव ब्लॅक पँथरवरून दलित पँथर ठेवले.

म्हणून टॅनरचे चित्र पाहताना मला दुसरी एक खोली दिसते. परळची डबक चाळ. एकच खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणे, त्यातच सरपण आणि संसार. रामजी सुभेदार रात्री जागे राहत आणि दोनच्या सुमाराला मुलाला उठवीत. आजूबाजूला सगळे झोपलेले. मिणमिणत्या दिव्यापाशी भिवा पुस्तक उघडून बसे. पुस्तकांना पैसे नसले तर सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण पडे, आणि पुस्तक घरी येई. पुस्तक त्या वयाला मोठेच होते. तोलून धरायला बापाचा हात होता.

टॅनरला हे दृश्य मिळाले असते तर? तोच दिवा, तेच दोन चेहरे, तेच खाली वळलेले डोळे. बाबासाहेब वाकून वाचताना, भाषण करताना, संविधान हाती घेतलेले अशा तसबिरी आपल्या घरोघरी आहेत. त्या असाव्यातच. पण सुभेदारांनी लेकराला हलकेच हाक मारून उठवले, तो क्षण किती घरांच्या भिंतीवर आहे?

वाद्याचेही तसेच. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी गावोगाव गावकीची कामे सोडली. मेलेली गुरे ओढणे सोडले, हुकूम आला की वाजवायला जाणेही सोडले. ते योग्यच होते, कारण त्या वाजवण्यात मान नव्हता. पण बोटांतली कला कुठे जाते? ती आंबेडकरी जलशात आली, भीमराव कर्डकांच्या फडात आली, वामनदादांच्या मागे ढोलकी होऊन उभी राहिली. हिणवण्याचे वाद्य स्वाभिमानाचे झाले. खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात हौसेने व्हायोलिन शिकायला घेतले होते. आजोबांनी नातवाला ढोलकीवर पहिला ठेका शिकवला असे आपल्यातले किती तरी घर असेल. ‘बाप-लेकाचे चित्र’ म्हणून ते कोणी काढले आहे काय?

शब्दांत आपण आपले जगणे मांडले. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आले, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आले, आणि मग आत्मकथनांची रांग लागली. चित्रांत आपण अजून तेवढे आलो नाही. जिथे आलो तिथे पुष्कळदा फाटके कपडे आणि पसरलेला हात म्हणून. अन्याय दाखवलाच पाहिजे. पण घर म्हणजे नुसता अन्याय नव्हे. पाळीवरून आलेला बाप मुलीची वही तपासतो, तांदूळ निवडणारी आजी नातवाकडून पेपर वाचून घेते, आई शिवणयंत्रावर बसून पाढे म्हणवून घेते, हेही आपले घर. हे दुसरा कोणी येऊन काढणार नाही.

मुलांनो, असे करून पाहा

रंगपेटी नसली तरी चालेल. काळ्या चित्रकलेच्या शाईची एक बाटली, एक ब्रश आणि जरा जाड ड्रॉइंग पेपर घ्या. पातळ वहीचा कागद पाण्याने फुगतो.

तीन वाट्या मांडा. तिन्हींत थोडे थोडे पाणी. पहिलीत शाईचा एकच थेंब टाका, दुसरीत चार-पाच, तिसरीत पाणी कमी आणि शाई जास्त. झाल्या तीन छटा : फिकी, मध्यम, गडद. चौथी छटा म्हणजे कोरा कागद. ती सर्वांत महत्त्वाची, कारण उजेड तिथे आहे. शाईवर पांढरे पुन्हा आणता येत नाही, म्हणून उजेडाची जागा आधी ठरवून सोडून द्यायची.

संध्याकाळी दिवा लावल्यावर घरात एका जागी बसा. आजी, आई, बाबा जे काही करीत असतील ते करू द्या. ‘इकडे बघा’ म्हणू नका. डोळे किलकिले करा. बारीकसारीक गोष्टी पुसल्या जातील आणि फक्त उजेडाचे नि सावलीचे मोठे तुकडे दिसतील. पेन्सिलीने तेवढेच हलके आखा. मग फिकी छटा सगळीकडे, उजेड सोडून. ती पूर्ण वाळू द्या. घाई केली तर शाई पसरते. मग मध्यम. शेवटी गडद, अगदी थोड्या जागी : केस, साडीची घडी, टेबलाखालचा अंधार.

चेहरा हुबेहूब आला नाही तरी हरकत नाही. हात नीट पाहा. टॅनरच्या चित्रात सगळी गोष्ट हातांत आहे.

आणि मोठ्यांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी कागद घेऊन समोर बसली, तर ‘अभ्यास सोडून हे काय?’ असे लगेच म्हणू नका. टॅनरच्या वडिलांनीही आधी तसेच म्हटले होते. पोर जे पेलू पाहते आहे ते त्याच्या हातांना जड असेल, तर खालून आपला एक हात लावा. वाजवू द्या त्यालाच.

जयभीम!